मूकपटाचे निरूपणकार आणि त्यांच्या तबकड्या

यवतमाळच्या आमच्या जुन्या घरीं माळ्यावर एके काळीं एक ग्रामोफोन आणि चाळीसएक तबकड्या होत्या. ग्रामोफोन मुलांच्या हातीं लागून मोडला. तबकड्या, घर दुरुस्तीस काढलें त्या वर्षीं, रद्दीवाल्यास वजनावर दिल्या. हा अविचार दुसऱ्या कोणाचा नव्हे, आमचाच. माळा मोकळा झाला म्हणून त्या दिवशीं आम्हीं समाधानहि मानलें. एक तबकडी तेवढी मागें राहिली; ती लोणच्याच्या बरणीवर झांकण म्हणून ठेविलेली होती, म्हणून वांचली. पुढें एका स्नेह्याकडे चालू स्थितींतील यंत्र आढळलें, तेव्हां ती धुऊन-पुसून लावून पाहिली. आमची अपेक्षा एखाद्या नाट्यपदाची होती. परंतु निघालें तें गाणें नव्हतें. खरखरींतून एका पुरुषाचा आवाज वर आला. तो कथा सांगत होता. मध्येंच स्त्रीचा, मध्येंच वृद्धाचा स्वर काढीत होता. मागें पेटीचा सूर धरलेला होता. तीन मिनिटांत तबकडी संपली आणि कथा अर्ध्यावर राहिली. मधला कागद तेलानें काळा पडलेला. त्यावरचें एकहि अक्षर लागेना. आवाज आहे, पण तो कोणाचा हें सांगणारें कांहीं नाहीं, अशी ही स्थिति.

त्या अनामिक आवाजाचा माग काढण्याच्या नादांत आम्हीं जें वाचन केलें, त्यानें आम्हांस थेट जपानांत नेऊन सोडलें. आमच्या हातीं जी एकुलती एक तबकडी राहिली, तिच्या जातीच्या, म्हणजे गाण्याऐवजीं कथा सांगणाऱ्या, तबकड्या त्या देशांत मोठ्या संख्येनें निघाल्या, विकल्या गेल्या, आणि पुढें कित्येकांनीं त्या आयुष्य वेंचून गोळा केल्या. मूकपट चालू असतां पडद्याच्या बाजूस उभे राहून त्याचें निरूपण करणाऱ्या माणसांचे आवाज त्यांवर आहेत. पट नाहींसे झाले, चित्रगृहें जळालीं, सांगणारे केव्हांच गेले. तरी सांगणें राहिलें. हें कसें घडलें, आणि सांगणाऱ्यांची परंपरा आपल्याकडेहि असतां आपल्याकडे तसें कां घडलें नाहीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

जपानांत या निरूपणकारास ‘बेन्शी’ म्हणत. मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं. जपानांत त्याच सालच्या नोव्हेंबरांत कोबे शहरीं एडिसनचें, एकेकानें डोकावून पाहण्याचें, यंत्र आलें. आणि १८९७ च्या फेब्रुवारींत ओसाका येथें पडद्यावरचीं चित्रें आलीं. म्हणजे दोन्ही देशांचा आरंभ बरोबरीचाच. प्रारंभीं चित्रें मिनिटभराचीं असत. एक पट्टी काढून दुसरी चढवीपर्यंत प्रेक्षकांस बसवून ठेवणें भाग असे. म्हणून एक बोलका गृहस्थ पुढें येई आणि हें यंत्र कोणीं शोधिलें, चित्र कोणत्या देशाचें, याची माहिती देई. कोमादा कोयो हा या पहिल्या पिढींतील नामांकित पुरुष. तो यंत्र घेऊन गांवोगांव फिरे, आणि ‘अतिशय विलक्षण’ अशा अर्थाचा एक शब्दप्रयोग त्याच्या तोंडीं इतका बसला होता कीं तेंच त्याचें बिरुद होऊन बसलें.

पुढें पट लांबले, त्यांत कथा आली, आणि हा माहिती देणारा गृहस्थ कथेचा धनी झाला. आमच्या वाचकांस बेन्शी समजावून देण्यास हरिदासाचा दाखला पुरेसा आहे. उत्तररंगांत आख्यान लावलें कीं एकटा हरिदास हरिश्चंद्र होतो, तारामती होतो, विश्वामित्रहि होतो; डोळे भरून येतात ते श्रोत्यांचे, आणि पुढच्याच क्षणीं विनोद करून तोच त्यांस हंसवितो. बेन्शीचें काम नेमकें असेंच होतें. फरक इतकाच कीं त्याच्या बाजूस पडद्यावर चित्र हलत असे आणि पुढ्यांत वादकांचा ताफा बसलेला असे. सर्व पात्रांचीं भाषणें तो आपल्या कल्पनेनें रचून बोले. एकच पट दोन चित्रगृहांत दोन निरूपणकारांच्या तोंडून ऐकला तर दोन निराळ्या कथा ऐकल्यासारखें वाटे. प्रेक्षक पटाचें नांव पाहून येत तितकेच आंत कोण बोलणार आहे हेंहि पाहून येत. १९१७ सालीं तोकियोच्या पोलिसांनीं या धंद्यास परवाना लावला, यावरूनच त्याचा लोकांवरील पगडा दिसून येतो. जो सरकारास धाकदायक वाटतो, त्याच्या शब्दास कांहीं वजन असलेंच पाहिजे. १९२७ च्या सुमारास त्या देशांत ६,८१८ बेन्शी होते आणि त्यांत १८० स्त्रिया होत्या, असा आंकडा नमूद आहे.

यांपैकीं तोकुगावा मुसेइ (१८९४–१९७१) याचें नांव सर्वांच्या वर घेतात. त्याच्या आधींची चाल मोठ्यानें, ताल धरून, आळवून बोलण्याची होती. मुसेइनें ती टाकून दिली. तो कमी बोले, हळू बोले, आणि जेथें चित्रच पुरेसें बोलतें तेथें गप्प राही. १९२१ सालीं जपानांत आलेल्या ‘डॉ. कॅलिगरी’ या जर्मन पटाचें त्याचें निरूपण फार गाजलें. केव्हां न बोलावें हें कळणें हीच वक्तृत्वाची शेवटची पायरी, हें आपले जुने हरिदासहि जाणत होते.

बेन्शी जपानांतच इतका कां वाढला? त्याचें उत्तर त्या देशाच्या जुन्या करमणुकींत आहे. बाहुल्यांच्या खेळांत बाहुल्या मुक्या असतात आणि बाजूस बसलेला गायक सर्वांच्या वतीनें बोलतो. ‘राकुगो’ नांवाच्या प्रकारांत एकटा मनुष्य बैठकीवर बसून दोघांतिघांचे संवाद रंगवितो. चित्र एकानें दाखवावें आणि वाणी दुसऱ्यानें द्यावी, ही गोष्ट त्यांच्या अंगवळणीं पडलेली होती.

पण मग ती आपल्याहि अंगवळणीं पडलेली होती! कुडाळाजवळच्या पिंगुळी गांवचे ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतांतील प्रसंगांच्या चित्रांची पोथी पुढें धरून, एकेक पान उलटीत, वाद्यांच्या साथीनें कथा सांगत आले आहेत. तेथील परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली, ती याच कलेसाठीं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं तर १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें दिव्याच्या प्रकाशांत कांचेवरील चित्रें पडद्यावर पाडण्याचे खेळ सुरू केले. घरच्याच मंडळींनीं बारीक कुंचल्यानें कांचांवर चित्रें रंगविलीं. घरच्याच मंडळींनीं पडद्याआड संवाद म्हटले आणि पदें गाइलीं. ल्युमिएरचें यंत्र मुंबईस येण्यापूर्वीं चार वर्षें महाराष्ट्रांत पडद्यावर चित्र आणि बाजूस निरूपण असा खेळ चालू होता. तेव्हां बीज आपल्याकडे नव्हतें, असें कोणी म्हणूं नये.

आतां तबकड्यांकडे वळूं. येथेंहि आरंभ जवळजवळ एकच आहे, इतकेंच नव्हे तर एकाच माणसाच्या हातून झालेला आहे. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिलेखक १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास उतरला. त्याच प्रवासांत तो पुढें पूर्वेकडे गेला आणि १९०३ च्या आरंभीं तोकियोस पोंचला. कलकत्त्यास त्याच्या कर्ण्यापुढें बहुतेक गाणेंच आलें. त्यांत गौहर जान या प्रख्यात गायिकेचें गाणें अग्रेसर. ती प्रत्येक गाण्याच्या शेवटीं आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें सांगे. कां, तर तबकडी दूर जर्मनींत तयार व्हावयाची. तेथल्या कारागिरास हा आवाज कोणाचा तें कळावें आणि कागदावर नांव चुकूं नये. तोकियोस मात्र गाण्याबरोबरच कथा सांगणारेहि कर्ण्यापुढें बसले. त्या कामीं गैसबर्गास साह्य करणारा कैराकुतेइ ब्लॅक हा ऑस्ट्रेलियांत जन्मलेला आणि जपानींत राकुगो सांगून नांवारूपास आलेला कथेकरी होता. त्यानें आपलेंहि सांगणें त्या वेळीं मुद्रित करविलें. म्हणजे नुसतें बोलणेंहि तबकडीवर घालण्याजोगें असतें आणि लोक तें पैसे देऊन नेतात, हें जपानच्या बाजारास पहिल्याच फेरींत समजलें. बेन्शींच्या तबकड्यांची वाट तेथून निघते.

या तबकड्या कशाच्या बनत, हेंहि आमच्या यवतमाळकर वाचकांस सांगण्यासारखें आहे. लाख, दगडाची वस्त्रगाळ भुकटी, काजळ, आणि चिवटपणा यावा म्हणून कापसाचे बारीक तंतु, असें तें मिश्रण असे. लाख ही पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या कोंवळ्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्याची करणी, आणि जगाच्या बाजारांतील लाखेचा मोठा भाग हिंदुस्थानांतून, मुख्यतः छोटा नागपूर व मध्यप्रांताच्या रानांतून जाई. कापसाचें तर काय सांगावें! मुंबई आणि जपान यांमधील निप्पॉन यूसेन कंपनीची बोटींची फेरी १८९३ सालीं जमशेटजी टाटांशीं केलेल्या करारावर सुरू झाली, ती मुळीं कापसाच्या गांठी वाहण्यासाठीं. पहिल्या महायुद्धानंतर आपल्या कापसाचें सर्वांत मोठें परदेशीं गिऱ्हाईक जपानच होतें. यवतमाळाहून मुर्तिजापुरास जी लहान गाडी धावत असे, ती याच पांढऱ्या सोन्यासाठीं टाकलेली. तेव्हां ओसाकाच्या एखाद्या गिरणींतील मजूर सुटीच्या दिवशीं बेन्शी ऐकावयास जाई, त्या वेळीं त्याच्या अंगावरच्या कापडांत वऱ्हाडच्या शेताचें सूत असण्याचा पुष्कळ संभव आहे. सामान दोघांस एकच मिळालें होतें. त्याचा उपयोग कोणीं काय केला, एवढाच प्रश्न उरतो.

निरूपणाच्या तबकड्यांस भर आला तो १९२० नंतरच्या दशकांत. १९२५ पासून विजेच्या साह्यानें ध्वनि मुद्रित करण्याची रीत आली, आणि १९२७ सालीं व्हिक्टर कंपनीनें जपानांत आपली शाखा काढली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटें मावत. म्हणून दीड-दोन तासांच्या पटांतला एखादा रंगलेला प्रसंग निवडून, त्याला आगापिच्छा जोडून, दोन बाजूंत किंवा दोन-तीन तबकड्यांच्या संचांत बसवीत. तलवारबहाद्दरांचे जपानी पट आणि पाश्चात्य प्रेमकथा, दोहोंचींहि निरूपणें निघालीं. ज्यानें शहरांतला खेळ पाहिला तो घरीं बसून पुन्हां ऐके. ज्या खेड्यांत तो नामांकित निरूपणकार कधींच जावयाचा नाहीं, तेथेंहि त्याचा आवाज जाई.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. तबकडी म्हणजे चित्रगृहांतील प्रयोग नव्हे. प्रयोगांत निरूपणकार पडद्याकडे पाहून बोले, श्रोत्यांच्या हंशाला थांबे, यंत्र चालविणाऱ्यानें हात सैल सोडला तर आपलें बोलणें लांबवी. ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलींत पडदा नाहीं, श्रोते नाहींत. घड्याळ मात्र समोर आहे. म्हणून तबकडीवरील निरूपण आटोपशीर, घोटलेलें, थोडें ठाशीव असतें. हरिदासाच्या कीर्तनाचें छापील पुस्तक आणि त्याचें देवळांतील कीर्तन यांत जें अंतर, तसलेंच हें. परंतु पुस्तकांत आवाज नसतो आणि येथें तो आहे: श्वास कोठें घेतला, शब्द कोठें दाबला, स्त्रीचें भाषण करतांना स्वर किती बारीक केला, हें सर्व जसेंच्या तसें. इतिहासकारास एवढें पुरावें.

मग बोलपट आला. आपल्याकडे ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईस लागला आणि १९३२ सालीं प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठींत बोलूं लागला. जपानांतहि पहिला पूर्ण बोलपट १९३१ चाच. आणि त्याच वर्षीं ‘मोरोक्को’ हा अमेरिकन पट जपानी अक्षरें पडद्याच्या कडेला उमटवून दाखविण्यांत आला. ज्या दिवशीं हीं अक्षरें उमटलीं, त्या दिवशीं बेन्शीचा धंदा बुडाला. १९३२ सालीं त्यांनीं संप केले. पण बोलणाऱ्या यंत्राविरुद्ध बोलणाऱ्या माणसाचा संप कितीसा टिकणार? पुढें जगप्रसिद्ध झालेला दिग्दर्शक अकिरा कुरोसावा याचा वडील भाऊ हेइगो हा ‘सुदा तेइमेइ’ या नांवानें बेन्शीचें काम करी. धाकट्यास चांगले पट दाखविण्याची आणि त्यांतलें मर्म सांगण्याची गोडी त्यानेंच लावली. तो संपाच्या पुढाऱ्यांत होता. १९३३ च्या जुलैंत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, त्यानें आत्महत्या केली. या मृत्यूची आठवण कुरोसावानें वार्धक्यांत लिहिलेल्या आत्मचरित्रांतहि जिवंत आहे. बाकीच्यांनीं ज्याला जें सुचलें तें केलें. मुसेइ रंगभूमीवर व नभोवाणीवर गेला आणि तेथेंहि त्याच्या वाचनानें लोक वेडे झाले. कोणी एकपात्री विनोदी भाषणें करूं लागले. कित्येकांनीं सायकलीवर लांकडी चौकट बांधून, तींत चित्रांचे पुठ्ठे सरकवीत, गल्लींतल्या पोरांस कथा सांगण्याचा ‘कामिशिबाइ’ नांवाचा धंदा धरला. पिंगुळीच्या चित्रकथ्यानें तो पाहिला असता तर आपलाच भाऊबंद म्हणून ओळखला असता.

हे सांगणारे गेले आणि त्यांच्यामागोमाग पटहि गेले. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानें आणि त्यानंतरच्या आगीनें तोकियोंतील पुष्कळ पट आधींच नष्ट केले होते. महायुद्धांतील बाँबवर्षावानें आणखी केले. उरलेले कंपन्यांनींच टाकाऊ म्हणून टाकले. अशा वेळीं मात्सुदा शुन्सुइ (१९२५–१९८७) हा पुरुष पुढें आला. हा लहानपणापासून निरूपण करणारा. युद्धानंतर, जेव्हां जुन्या मूकपटांस कोणी विचारीत नव्हतें, तेव्हां त्यानें मिळतील तेथून रिळें जमविण्यास सुरुवात केली. १९५२ सालीं स्वतःची कंपनी काढली. १९५९ पासून मूकपट-रसिकांची मंडळी जमवून नियमित खेळ सुरू केले, आणि त्या खेळांत स्वतः उभा राहून निरूपण केलें. त्याचें निरूपण ऐकून भारावलेल्या सावातो मिदोरी या स्त्रीनें १९७३ सालीं त्याची शिष्या म्हणून हा मार्ग धरला आणि पुढें देशोदेशीं प्रयोग केले. हल्लींच्या पिढींतला कताओका इचिरो हाहि बेन्शीच. तो निरूपणाच्या जुन्या तबकड्या गोळा करतो आणि त्यानें या कलेचा मोठा इतिहास लिहिला आहे. लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं येथें संग्राहक आणि कलावंत निरनिराळे नाहींत. जुना आवाज तो कपाटांत ठेवण्यासाठीं जमवीत नाहीं. ऐकून शिकण्यासाठीं जमवितो.

तबकडीचें मोल पटाच्या संदर्भांत किती, हें एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. किनुगासा या दिग्दर्शकाचा १९२६ चा ‘वेडाचें एक पान’ अशा अर्थाच्या नांवाचा पट नाहींसा झाला असें समजत. १९७१ सालीं तो त्याच्या स्वतःच्याच कोठारांत सांपडला. त्या पटांत वाचावयाच्या पाट्या मुळींच नाहींत. तो निरूपणकाराच्या भरंवशावरच दाखविला जाई. पट मिळाला, पण त्या काळचें निरूपण त्याच्यासोबत आलें नाहीं, आणि पाहणारा आज पदोपदीं अडतो. ही झाली देहावांचून वाणी कीं वाणीवांचून देह, याची एक बाजू. दुसरी बाजू त्या तबकड्यांची, ज्यांचे पट गेले आणि नुसतें तीन मिनिटांचें बोलणें राहिलें. दोन्ही अर्धवटच, परंतु अर्धें हातीं असलेल्यास दुसऱ्या अर्ध्याचा शोध करण्यास जागा असते.

आपल्याकडे काय आहे? दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. आज त्याचें पहिलें व शेवटचें एवढींच रिळें उपलब्ध आहेत, आणि तींहि मूळ पटाचीं कीं १९१७ सालीं पुन्हां केलेल्या पटाचीं, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहे. हिंदुस्थानांत तेराशेंहून अधिक मूकपट झाले. पूर्ण व अपूर्ण मिळून राहिले ते तिसांच्या आंतबाहेर. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें आणि त्याचे पहिले चालक पी. के. नायर यांनीं गांवोगांव हिंडून रिळें आणलीं, म्हणून इतके तरी राहिले. त्या पटांच्या पाट्या दोन-दोन, तीन-तीन भाषांत असत. ज्यांस अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठीं त्या मोठ्यानें वाचणारा व मध्यें पदरचें चार शब्द घालणारा माणूसहि कित्येक चित्रगृहांत असे. त्याचें नांव जाहिरातींत नसे. त्याचा पगार द्वारपाळाच्या रांगेंतला. त्याच्या निरूपणाची तबकडी आमच्या पाहण्यांत कोठें आलेली नाहीं. जत्रेंतल्या तंबूच्या सिनेमापुढें भोंग्यांतून ओरडून ‘आज रात्रीं’ची कथा सांगणारा इसम ज्यांस आठवतो, त्यांस त्या वंशाचा शेवटचा पुरुष पाहिल्याचें श्रेय आहे, एवढेंच.

असें कां व्हावें? एक कारण भाषेचें. मुंबईच्या एकाच चित्रगृहांत मराठी, गुजराती, उर्दू बोलणारे शेजारीं बसत. तेथें एका निरूपणकाराचा आवाज सर्वांचा होणें कठीण. दुसरें कारण कंपन्यांचें. कलकत्त्यास १९०८ सालीं तबकड्यांचा कारखाना निघाला तो गाण्याच्या खपावर, आणि महाराष्ट्रांत नाट्यसंगीताचा बहर असल्यानें त्यांना दुसरीकडे पाहण्याची गरजच पडली नाहीं. पण आम्हांस तिसरें कारण अधिक खरें वाटतें. जपानांत कथा ऐकण्यास लोक तिकीट काढून जात. सांगणें हा सौदा होता, म्हणून त्याची तबकडीहि विकतां आली. आपल्याकडे कथा देवळांत होई. हरिदासास बिदागी मिळे, आरतीच्या ताटांत पैसा पडे. परंतु श्रोता गिऱ्हाईक नव्हता. जें पुण्य म्हणून ऐकलें, तें विकत घेऊन घरीं ठेवावें असें फारसें कोणास सुचलें नाहीं. हा आपला मोठेपणा कीं गाफिलपणा, याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोपवितों. परिणाम मात्र एकच झाला: जें विकलें गेलें तें उरलें, आणि जें फुकट वांटलें तें हवेंत विरलें.

अपवाद आहेत, आणि त्यांतला सर्वांत थोर अपवाद आपल्या वऱ्हाडचाच आहे. गाडगेमहाराज कीर्तनास उभे राहिले कीं श्रोत्यांस प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत, आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न बसवीत. असलें कीर्तन लिहून घेणें शक्य नाहीं. तें दोन तोंडांचें असतें. महाराजांनीं वांद्रे येथें पोलिसांपुढें ८ नोव्हेंबर १९५६ रोजीं कीर्तन केलें, तें कोणीं तरी दूरदृष्टीनें ध्वनिमुद्रित करून ठेविलें. पुढच्याच महिन्यांत, २० डिसेंबरास, महाराज गेले. तो आवाज आज आपण ऐकूं शकतों; ती वऱ्हाडी बोली, तो फटकारा, तो श्रोत्यांचा एकमुखानें आलेला होकार. ज्यांनीं चरित्रें वाचून महाराजांस ओळखलें होतें, त्यांनीं तें मुद्रण ऐकावें म्हणजे चरित्रांत काय यावयाचें राहून गेलें तें कळेल. एका संध्याकाळीं एका माणसानें यंत्र सुरू केलें नसतें, तर आपल्यापाशीं नुसत्या आख्यायिका उरल्या असत्या.

जुन्या तबकड्यांची निगा राखणारे लोक आपल्याकडे अगदींच नाहींत असें नव्हे. १९९० सालीं मुंबईंत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची मंडळी स्थापन झाली, डॉ. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्यांनीं ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकांतून याद्या, माहिती व कलावंतांचीं चरित्रें प्रसिद्ध केलीं. अशा मंडळींकडून एक गोष्ट आम्ही शिकलों, ती येथें सांगतों. कारण ती प्रत्येक घरास उपयोगी आहे. तबकडीचा मधला कागद गेला, तरी त्याच्या कडेला गुळगुळीत पट्ट्यांत, प्रत्यक्ष लाखेंतच, एक क्रमांक ठसविलेला असतो. कंपन्यांच्या वहींत व याद्यांत तो क्रमांक ज्या नांवापुढें असेल, तें त्या आवाजाचें नांव. कागद तेलानें काळा होतो, किडा खातो. लाखेंतला ठसा तबकडी फुटेपर्यंत राहतो. म्हणून दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी येथल्या जुन्या वाड्यांतून ज्यांच्या माळ्यावर असल्या पेट्या असतील, त्यांनीं त्या वजनावर देण्यापूर्वीं निदान हे क्रमांक तरी एका कागदावर उतरून ठेवावे. तबकडी उभी ठेवावी, उन्हांत ठेवूं नये, आणि गाणें नाहीं म्हणून टाकूं तर मुळींच नये. गाण्याच्या तबकडीची दुसरी प्रत कोठें ना कोठें मिळते. बोलण्याच्या तबकडीची मिळेलच असें नाहीं.

आमच्या तबकडीवरील आवाज मूकपटाच्या निरूपणकाराचा आहे असें म्हणण्यास आधार नाहीं. तो बहुधा एखाद्या हरिदासाचा असावा. गौहर जानप्रमाणें त्यानें शेवटीं आपलें नांव सांगितलें असेल, तर तें त्याच्या पुढच्या तबकडीवर. आणि ती आम्हीं वजनावर दिलेल्या चाळिसांत होती किंवा नव्हती, हें आतां कळावयाचें नाहीं. परवां रात्रीं दिवा तिरपा धरून, भिंग घेऊन, आम्हीं तो क्रमांक वाचला. दोन आंकडे झिजलेले आहेत. बाकीचे स्पष्ट आहेत. ते उतरून घेऊन संग्राहकांकडे पत्र पाठविलें आहे. बरणीस दुसरें झांकण घेतलें आहे.